नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

११ ऑगस्ट २०१० रोजी ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने आपल्या संकेतस्थळावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. कार्बापेनेम वर्गातील प्रतिजैविके म्हणजे रुग्णालयाच्या भात्यातील जवळजवळ शेवटचे बाण. तेही ज्यांच्यावर चालत नाहीत अशा जिवाणूंमध्ये एक विशिष्ट जनुक या संशोधकांना आढळले होते: चेन्नईतील ४४, हरियाणातील २६, ब्रिटनमधील ३७ आणि भारत व पाकिस्तानातील इतर ठिकाणच्या ७३ नमुन्यांत. आकडे झोप उडवणारे होते. तरीही दुसऱ्या दिवसापासून आपल्या वृत्तपत्रांत, दूरचित्रवाणीवर आणि संसदेतही जो वाद पेटला तो या आकड्यांवरून पेटला नाही. त्या जनुकापासून तयार होणाऱ्या, प्रतिजैविकाचे तुकडे करणाऱ्या विकराचे नाव होते ‘न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज-१’, संक्षेपाने एनडीएम-१. वाद होता तो या नावातील पहिल्या दोन शब्दांचा.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नावाला जाहीर हरकत घेतली. हे बहुराष्ट्रीय कंपन्यांचे कारस्थान असावे, असा संशय व्यक्त झाला. निबंधाला अर्थसाह्य देणाऱ्यांत युरोपीय संघ आणि वेलकम ट्रस्ट यांच्या जोडीला वाएथ ही औषधकंपनी होती, याकडे बोट दाखवले गेले. संशयाला खतपाणी निबंधानेच घातले होते, हेही सांगितले पाहिजे. ब्रिटिश रुग्णांनी भारतात शस्त्रक्रिया करून घेऊन तेथील सरकारी आरोग्यसेवेचा पैसा वाचवावा, अशा सूचना त्या काळी ब्रिटिश वृत्तपत्रांत येत असत. लेखकांनी निबंधाच्या अखेरीस त्या सूचनांवर नापसंतीचा शेरा मारला होता. सूक्ष्मजीवशास्त्राच्या निबंधात व्यापाराचा विषय आला आणि ‘वैद्यकीय पर्यटन बुडवण्याचा डाव’ हा मथळा आयताच तयार झाला. निबंधाचे पहिले लेखक मद्रास विद्यापीठातील तरुण संशोधक होते. निबंधातील काही अनुमाने आपल्याला मान्य नाहीत, असे त्यांनीही वृत्तपत्रांना सांगितले.

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत एका मात्रेचे अंतर आहे. पहिले बारशाला होते. दुसऱ्याला मुहूर्त लागत नाही. आपण केवळ पहिले केले, असे संशोधकांचे म्हणणे होते. भारताने दुसरे ऐकले. दोघांच्याही बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे.

संशोधकांची बाजू अशी. हे विकर प्रथम वर्णिले गेले ते डिसेंबर २००९ मध्ये. स्वीडनमध्ये राहणारा भारतीय वंशाचा एक रुग्ण भारतात आला असताना नवी दिल्लीत रुग्णालयात होता. मायदेशी परतल्यावर त्याच्या मूत्राच्या तपासणीत क्लेब्सिएला न्यूमोनी हा जिवाणू सापडला आणि त्यात हे नवे जनुक. रुग्णाला संसर्ग दिल्लीत झाला असावा, म्हणून दिल्लीचे नाव. या क्षेत्रात तशी रूढीच होती. अशाच आणखी एका विकराचे नाव व्हीआयएम आहे. त्यातील ‘व्ही’ म्हणजे इटलीतील व्हेरोना. एसपीएममध्ये ब्राझीलचे साओ पावलो आहे, एसआयएममध्ये कोरियाची राजधानी सोल, एआयएममध्ये ऑस्ट्रेलियाचे ॲडलेड, जीआयएममध्ये तर अख्खा जर्मनी. याच्याही आधी, १९६०च्या दशकात, अथेन्समधील एका रुग्णाच्या जिवाणूत सापडलेल्या विकराला त्या रुग्णाच्याच आडनावाची पहिली तीन अक्षरे दिली गेली. ती अक्षरे आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहेत. व्हेरोनाच्या महापौरांनी निषेध केल्याचे ऐकिवात नाही.

त्याहून बोलकी गोष्ट मुंबईतली आहे. लॅन्सेटच्या निबंधाआधी पाच महिने, मार्च २०१० मध्ये, भारतीय वैद्यांच्या ‘जापी’ या नियतकालिकात मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी एक छोटा अहवाल प्रसिद्ध केला होता. कार्बापेनेमला दाद न देणाऱ्या २४ जिवाणूंपैकी २२ मध्ये त्यांना एनडीएम-१ आढळले होते. अहवालाच्या शीर्षकात हेच नाव होते, दिल्लीसह. सोबत प्रतिजैविकांच्या मृत्युलेखाच्या धर्तीवर लिहिलेले चेन्नईच्या एका डॉक्टरांचे संपादकीयही होते. तेव्हा कोणालाही राग आला नाही, कारण बहुधा ते कोणी वाचलेच नाही. घरचा माणूस घरात बोलला तेव्हा सगळे गप्प राहिले. तेच शब्द लंडनहून आले तेव्हा अपमान झाला.

तरीही आपली चिडचिड निव्वळ हळवेपणा म्हणून झटकून टाकता येत नाही. तिच्यामागे जवळजवळ दोन शतकांचा अनुभव आहे. १८१७ मध्ये बंगालमधील जेसोर येथे पटकीची मोठी साथ उसळली, ती पुढे व्यापारी आणि सैनिकी मार्गांनी दूरवर पसरली आणि युरोपात तिला ‘एशियाटिक कॉलरा’ म्हटले जाऊ लागले. १८५१ पासून युरोपीय देश या रोगासाठी आंतरराष्ट्रीय परिषदा भरवू लागले. १८६६च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेत गंगेचे खोरे हे पटकीचे माहेरघर असल्याचे ठरले आणि पुढची अनेक वर्षे भारतातून निघणारी जहाजे व हजचे यात्रेकरू यांच्यावरील निर्बंधांना त्याचा आधार मिळत राहिला. गंगेच्या मुखाजवळचा प्रदेश हा या जिवाणूचा पुरातन अधिवास आहे, हे आजचे विज्ञानही मानते. म्हणजे या विशेषणाच्या मागील भूगोल खोटा नव्हता. पण ‘एशियाटिक’ या शब्दाने भूगोलापेक्षा पुष्कळ जास्त सांगितले: हा अस्वच्छ, मागास लोकांचा रोग आहे, असे. लंडनची स्वतःची गटारे आणि नळ या विशेषणाआड बराच काळ लपून राहिले. उलट या रोगाचे विष जिवाणूबाहेर टाकले जाते आणि तेच आतड्यातील पाणी ओढून काढते, हे १९५९ मध्ये ज्यांनी सिद्ध केले ते शंभूनाथ डे कोलकात्यातच काम करीत होते. त्यांचे नाव मात्र कोणत्याही रोगाला, जिवाणूला किंवा विषाला मिळाले नाही. नाव मिळाले ते एल टोरला.

एल टोरची हकीकत सांगण्यासारखी आहे, कारण रोगाच्या नावातील गाव नेमके काय सांगते हे तिच्यातून कळते. सिनाई द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर, हजहून परतणाऱ्या यात्रेकरूंना थोपवून तपासण्यासाठी, एल टोर येथे विलगीकरण केंद्र होते. १९०५ मध्ये तेथील प्रयोगशाळेत यात्रेकरूंच्या आतड्यांतून पटकीच्या जिवाणूचा वेगळा प्रकार मिळाला. यात्रेकरू दूरदूरच्या मुलखांतले. प्रयोगशाळा एल टोरची. १९६१ मध्ये इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरून याच प्रकाराची जागतिक साथ सुरू झाली आणि ती अद्याप संपलेली नाही. साथ एल टोरहून निघाली नाही. एल टोरला सूक्ष्मदर्शक होता, इतकेच.

ही गोष्ट एकदा लक्षात आली की नकाशावरची कितीतरी नावे वेगळी दिसू लागतात. कोलकात्याजवळच्या दमदम येथील छावणीत राहून गेलेल्या एका सैनिकाच्या प्लीहेत विल्यम लीशमन यांना १९०० मध्ये इंग्लंडमधील नेटली येथे शवविच्छेदनानंतर सूक्ष्म कण दिसले. तापाला ‘दमदम ताप’ म्हटले गेले. चार्ल्स डोनोव्हन यांना तेच कण १९०३ मध्ये मद्रासला दिसले. रोनाल्ड रॉस यांनी दोघांची नावे जोडून परजीवीचे बारसे केले: लीशमानिया डोनोव्हानी. पण रोगाच्या बाबतीत साहेबांची नावे मागे पडली आणि उरले ते गावकऱ्यांचे नाव, ‘काला-आजार’. आसामातून निघालेला हा शब्द जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत पोचला आहे आणि मराठी माणसाला तो समजून घ्यायला कोश उघडावा लागत नाही. (बिचारे दमदम मात्र तापातून सुटले तरी बंदुकीच्या गोळीत अडकले. तेथील शस्त्रागारात बनलेल्या, शरीरात शिरताच पसरणाऱ्या गोळीच्या धर्तीच्या गोळ्यांवर १८९९च्या हेग परिषदेत बंदी आली आणि ‘दमदम’ हा शब्द इंग्रजी कोशात कायमचा गेला.) याच परजीवीच्या भावंडांमुळे त्वचेवर होणाऱ्या व्रणाला इंग्रज डॉक्टर दिल्लीत ‘दिल्ली फोड’, बगदादेत ‘बगदाद फोड’ आणि अलेप्पोत ‘अलेप्पो फोड’ म्हणत. फोड एकच होता, डॉक्टर निरनिराळे होते.

येथे आपल्या आडनावांची रीत आठवावी. साताऱ्यात राहणाऱ्याला कोणी सातारकर म्हणत नाही. तो पुण्याला किंवा इंदूरला गेला की सातारकर होतो. गावाचे नाव माणसाला चिकटते ते गावाबाहेर, परक्यांच्या तोंडून. रोगांचेही तसेच झाले आहे. १९१८च्या इन्फ्लुएन्झाला स्पेनमध्ये ‘स्पॅनिश’ कोणी म्हणत नव्हते. तेथे त्याला एका लोकप्रिय गाण्यावरून ‘नेपल्सचा शिपाई’ म्हणत. पहिल्या महायुद्धात स्पेन तटस्थ होता. लढणाऱ्या देशांत साथीच्या बातम्यांवर कात्री चालत होती आणि माद्रिदची वृत्तपत्रे मात्र राजा आल्फोन्सो आजारी पडल्याचेही छापत होती. जो देश उघडपणे बोलला, त्याच्याच नावावर साथ लागली. भारतात ती मुंबईच्या बंदरातून शिरली, म्हणून देशाच्या इतर भागांत तिला ‘बॉम्बे फीव्हर’ म्हटले जाई. त्या साथीत भारतात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. ती ‘बॉम्बे’ची होती की स्पेनची, याने मरणाऱ्यांना काय फरक पडणार होता? जगणाऱ्यांना मात्र पडतो.

म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही शास्त्रज्ञ बारसे करताना थबकू लागले. १९७६ मध्ये तेव्हाच्या झाईरेमधील यांबुकू या गावात एक भयंकर रक्तस्रावी ताप उद्भवला. विषाणूला यांबुकूचे नाव देणे सोपे होते. परंतु नायजेरियातील लासा या गावाचे ‘लासा ताप’ या नावामुळे काय झाले, हे त्या शास्त्रज्ञांना ठाऊक होते. गाव वाचवावे म्हणून त्यांनी जवळच्या नदीचे नाव घेतले: एबोला. भिंतीवरच्या छोट्या नकाशात ती नदी यांबुकूला सर्वांत जवळची वाटली. प्रत्यक्षात ती तशी नव्हती, हे मागाहून कळले. १९९३ मध्ये अमेरिकेच्या नैऋत्य भागात हंटाव्हायरसचा नवा प्रकार सापडला तेव्हा स्थानिकांनी, विशेषतः नाव्हाहो लोकांनी, आपल्या भागातील दरीचे नाव त्याला देण्यास विरोध केला. अखेरीस विषाणूचे अधिकृत नाव ठरले ‘सिन नोम्ब्रे’. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ ‘निनावी’.

आपल्याकडे हा संकोच फारसा दिसला नाही. १९५२ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन यांनी पुण्यात विषाणू संशोधन केंद्र उभारले; आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था ती हीच. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्याच्या जंगलात माकडे मरून पडू लागली आणि पाठोपाठ माणसांनाही ताप येऊ लागला. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी विषाणू वेगळा केला आणि जंगलाच्या नावावरून रोगाला ‘क्यासानूर फॉरेस्ट डिसीज’ म्हटले. १९६५ मध्ये नागपूरजवळील चांदीपुरा येथील तापाच्या रुग्णांच्या रक्तातून त्यांनी आणखी एक नवा विषाणू मिळवला. त्या वेळी तेथे डेंग्यू आणि चिकुनगुन्याची साथ होती. हा विषाणू त्या शोधात अनपेक्षितपणे हाती लागला. पुढची जवळजवळ चार दशके त्याची कोणी फारशी दखल घेतली नाही. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात मेंदूज्वराच्या साथीत ३२९ मुले आजारी पडली आणि १८३ दगावली, त्यामागे हा विषाणू निघाला. २०२४च्या पावसाळ्यात गुजरातेत मुले दगावू लागली तेव्हा पुन्हा मथळे आले: ‘चांदीपुराचे थैमान’. मुले गुजरातेतली, वाळूमाशी गुजरातेतली, आणि नाव विदर्भातल्या एका वस्तीचे, जिचा दोष एवढाच की साठ वर्षांपूर्वी तेथल्या दोन रुग्णांचे रक्त कोणीतरी काळजीपूर्वक तपासले.

क्यासानूरच्या रोगाला लोकांनी दिलेले नाव आणखी वेगळ्या कारणाने विचार करण्यासारखे आहे. कन्नडमध्ये ‘मंगन कायिले’ आणि गेल्या दशकात तो गोव्याच्या सत्तरीत व सिंधुदुर्गाच्या दोडामार्गात पोचल्यावर आपल्याकडे ‘माकडताप’. नाव सुटसुटीत आहे आणि एका अर्थी उपयोगीही: जंगलात मेलेले माकड दिसले की सावध व्हा, हे त्यातून आपोआप कळते. पण माणसाला रोग देते ती गोचीड. माकड हे या रोगाचे माणसासारखेच सावज आहे. ते मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिड्या खाली उतरतात आणि पाला गोळा करायला, काजूच्या बागेत काम करायला गेलेल्या माणसाला चावतात. नावात गोचीड नाही, म्हणून बोलण्यातही ती मागे पडते आणि माकडावरचा राग वाढतो. २०२२ मध्ये मंकीपॉक्सच्या बातम्या येताच ब्राझीलमध्ये माकडांवर विषप्रयोग आणि दगडफेक झाली. वास्तविक तो विषाणू १९५८ मध्ये कोपनहेगनच्या प्रयोगशाळेतील माकडांत प्रथम दिसला, एवढेच माकडांचे त्याच्याशी नाते. निसर्गात तो बहुधा उंदीर-खारींच्या कुळात वस्ती करतो. ‘स्वाइन फ्लू’च्या नावाने २००९ मध्ये इजिप्तने देशातील सारी डुकरे मारण्याचा हुकूम काढला, तेव्हा रोग माणसाकडून माणसाकडे पसरत होता. त्या डुकरांना पोसणाऱ्या कैरोच्या कचरावेचकांची उपजीविका गेली आणि डुकरे खात असलेला ओला कचरा रस्त्यांवर साचला. नावाचा कधीकधी निव्वळ ध्वनीही पुरतो. ‘चिकुनगुन्या’ हा शब्द टांझानियातील माकोंडे भाषेतला; सांधेदुखीने वाकून जाण्याचा अर्थ त्यात आहे. २००६ मध्ये भारतात या रोगाचे सुमारे १४ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले तेव्हा आपण तो शब्द मधोमध तोडून ‘चिकन गुनिया’ केला. त्यात कोंबडीचा संबंध शोधणाऱ्यांना, हा रोग डासांमुळे होतो, हे समजावून सांगण्याचे जादा काम डॉक्टरांना लागले.

गावाचे नाव प्रत्येक वेळी बोचतेच असे नाही. १९५२ मध्ये मुंबईतील डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॅन्सेटमध्येच एका अपरिचित रक्तगटाची नोंद केली. या व्यक्तींच्या तांबड्या पेशींवर ‘एच’ हा प्रतिजन नसतो. ‘ए’ आणि ‘बी’ हे प्रतिजन ‘एच’वरच रचले जात असल्याने नेहमीच्या चाचणीत असे रक्त ‘ओ’ गटाचे भासते. परंतु ‘ओ’ रक्तात ‘एच’ भरपूर असतो, म्हणून ते चढवले तर जिवावर बेतते. अशा व्यक्तीला तशाच व्यक्तीचे रक्त लागते आणि ती भारतात साधारण दहा हजारांत एक भेटते. ‘बॉम्बे रक्तगट’ हे नाव शहराने आनंदाने मिरवले. १९९५ मध्ये शहर मुंबई झाले, रक्तगट बॉम्बेच राहिला, उच्च न्यायालयाप्रमाणेच. या नावाला कलंक लागला नाही, कारण रक्तगट एकापासून दुसऱ्याला लागत नाही आणि त्यासाठी कोणी विमाने बंद करीत नाही. स्थलनामाचा त्रास नावातच असतो असे यावरून म्हणता येत नाही. ते नाव कोणाच्या हाती, कोणत्या निर्णयासाठी पडते, हेही पाहावे लागते.

आता पुन्हा दिल्लीकडे. जानेवारी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’चे संपादक रिचर्ड हॉर्टन दिल्लीत आले आणि हे नाव देणे चूक होते, त्याने एका देशाला व शहराला अकारण कलंक लागला, असे सांगून त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. आपल्याकडे तो विजय मानला गेला. तीनच महिन्यांनी त्याच नियतकालिकात कार्डिफच्या गटाचा पुढचा निबंध आला. नवी दिल्लीतील पिण्याच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये आणि रस्त्याकडेच्या डबक्यांतील व ओहोळांतील १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये एनडीएम-१चे जनुक आढळले होते. याही वेळी पहिली प्रतिक्रिया इन्काराची होती. नावाबद्दलची माफी मिळालेली होती. नळाच्या पाण्याबद्दल बोलायला फारसे कोणी तयार नव्हते.

या प्रकरणाचा सर्वांत महाग भाग मला हा वाटतो. नाव अन्यायकारक होते की नाही, हा प्रश्न योग्यच होता. पण तो इतक्या मोठ्याने विचारला गेला की दुसरा प्रश्न, म्हणजे प्रतिजैविके आपल्या औषधदुकानांत गोळ्या-बिस्किटांसारखी का विकली जातात, रुग्णालयांचे सांडपाणी कोठे जाते, हा त्यात बुडाला. पूर्णपणे बुडाला असे म्हणणेही अन्यायाचे होईल. त्याच गदारोळानंतर २०११ मध्ये प्रतिजैविकरोधाविषयीचे राष्ट्रीय धोरण आले, २०१२ मध्ये देशातील वैद्यकीय संघटनांनी चेन्नईत एकत्र येऊन कृतीचा आराखडा मांडला आणि मार्च २०१४ पासून कार्बापेनेमांसह ४६ औषधे ‘एच-१’ या अनुसूचीत गेली, ज्यांच्या विक्रीची वेगळी नोंद दुकानदाराला ठेवावी लागते. मार्चमध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी हलक्या आवाजात सांगितले तेव्हा यांतले काही घडले नव्हते. राजधानीचे नाव लागले नसते तर ते घडले असते का, याची मला खात्री नाही. ही गोष्ट मान्य करायला जड जाते, तरी ती डावलता येत नाही.

मे २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नव्या रोगांच्या नामकरणाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली: गाव-देश नको, माणसांची नावे नकोत, प्राणी नकोत, व्यवसाय नकोत, भीती घालणारे शब्द नकोत. वर्ज्य उदाहरणांत स्पॅनिश फ्लू होता, जपानी मेंदूज्वर होता, स्वाइन फ्लूही होता. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘कोविड-१९’ हे नीरस नाव याच नियमांतून जन्मले आणि त्या नीरसपणाची किंमत तेव्हाच लोकांना कळली. पण विषाणूचे नवे प्रकार येऊ लागले तेव्हा नियम तोकडा पडला. शास्त्रीय नावे होती ती बी.१.१.७, बी.१.६१७.२ अशी, ती कोणाच्या जिभेवर बसणार? जागा पुन्हा गावांनी घेतली. ब्रिटनमध्ये पहिल्या प्रकाराला ‘केंटचा’ म्हणत, भारतात ‘यूके स्ट्रेन’. आपल्या सरकारी पत्रकांतही ‘यूके व्हेरियंट’ हे शब्द डिसेंबर २०२० पासून सर्रास होते. त्याबद्दल कोणाला काही वाटले नाही.

मग पाळी आपली आली. बी.१.६१७ कुळाचे सर्वांत जुने नमुने ऑक्टोबर २०२० मधील, भारतातले. पुढल्या वर्षाच्या आरंभी महाराष्ट्रातील वाढत्या रुग्णांमुळे त्याच्याकडे लक्ष गेले. १० मे २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने त्याला चिंताजनक प्रकारांत घातले. १२ मे रोजी आरोग्य मंत्रालयाने पत्रक काढले: संघटनेच्या ३२ पानी दस्तऐवजात ‘इंडियन व्हेरियंट’ असे कोठेही म्हटलेले नाही. विधान खरे होते. २१ मे रोजी माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाने समाजमाध्यम कंपन्यांना तसा उल्लेख असलेला मजकूर काढून टाकण्यास सांगितले. ३१ मे रोजी ग्रीक अक्षरे आली; आपला प्रकार झाला डेल्टा आणि ‘यूके’चा झाला अल्फा. ज्यांनी त्या महिन्यांत प्राणवायूच्या सिलिंडरसाठी रात्री काढल्या त्यांना या पत्रव्यवहाराची घाई कशासाठी होती, असा प्रश्न पडला असल्यास नवल नाही. तरीही ग्रीक अक्षरांचा निर्णय योग्य होता, असे माझे मत आहे. ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत राहणाऱ्या भारतीय कुटुंबातल्या मुलाला शाळेत कोणत्या नावाने हाक मारली जाईल, हा काही काल्पनिक प्रश्न नव्हता.

मात्र ग्रीक अक्षरालाही मर्यादा आहे, हे त्याच वर्षी दिसले. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी एका नव्या प्रकाराची माहिती जागतिक आरोग्य संघटनेला कळवली. दोनच दिवसांत नाव ठरले. ‘न्यू’ हे अक्षर इंग्रजीतील ‘नवा’ या शब्दाशी गोंधळेल आणि ‘शी’ हे चिनी लोकांचे आडनाव आहे, म्हणून दोन्ही वगळून ओमिक्रॉन. नावात ना गाव, ना देश, ना प्राणी. तरी नाव जाहीर होता होताच आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या देशांतून येणारी विमाने युरोप-अमेरिकेने बंद केली. भारताच्या ‘जोखमीचे देश’ या यादीतही दक्षिण आफ्रिका, बोट्स्वाना आणि झिम्बाब्वे होते. नेदरलँड्समध्ये १९ आणि २३ नोव्हेंबरला घेतलेल्या नमुन्यांतही ओमिक्रॉन होता, हे काही दिवसांनी उघड झाले. जनुकीय क्रम वाचून तो सर्वांसमोर ठेवण्यात दक्षिण आफ्रिका आघाडीवर राहिली, म्हणून बोट तिच्याकडे वळले. एल टोरच्या वेळी आणि चांदीपुराच्या वेळी घडले तेच येथे नावाविना घडले. पुढच्या खेपेला एखाद्या गरीब देशातील प्रयोगशाळेने असा क्रम वाचल्यावर तो लगेच कळवावा की आठवडाभर थांबावे, याचा तेथील अधिकाऱ्यांनी विचार केला, तर त्यांना भित्रे कसे म्हणावे?

एनडीएमचे नाव अखेर बदललेच नाही. संपादकांच्या दिलगिरीनंतरही शास्त्रीय वाङ्मयात तीच तीन अक्षरे चालू राहिली आणि आता त्यांच्यापुढचा आकडा वाढत गेला आहे. एनडीएम-५ आणि एनडीएम-७ हे भारतात आणि भारताबाहेरही वारंवार भेटतात. नवे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ ही अक्षरे शिकतात तेव्हा त्यांतली दिल्ली बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. एखाद्या अतिदक्षता विभागात रात्री अहवाल येतो, त्यावर ‘एनडीएम: आढळले’ एवढेच असते. डॉक्टर पुढच्या रकान्याकडे पाहतात. हे विकर ॲझट्रिओनामला तोडू शकत नाही, पण त्याच जिवाणूतील इतर विकरे ते तोडतात. म्हणून त्याच्या जोडीला आणखी एक औषध द्यावे लागते, ते फार महाग आहे, आणि ते रुग्णालयाच्या औषधभांडारात आहे की नाही हे विचारायला कोणीतरी खाली जाते.